रेडियमवाले मामा

ट्रॉली सुटली. मी निरांजन लावत व्हते, काडी हातात तशीच जळत राहिली, आन डोळ्यासमोर ट्रॉली चालली उताराला, मागं मागं, आपली आपण. ट्रॉलीवर पूजेपुरती मागून आणलेली शेजारच्या जाधव सरांची पांढरी कार, आन कारमधी स्टेरिंग धरून बसलेली माझी आरू. दोन वर्षाची पोर माझी. ती हसत व्हती. आत्यांनीच तिला फोटोसाठी आत बसवलं व्हतं. आमचे हे पिकअपच्या टपावर झेंडूची माळ बांधीत व्हते, त्यांनी वरूनच उडी टाकली आन पाय मुरगळून तिथंच बसले.

आन मामा काय करीत व्हते? मामा ट्रॉलीच्या मागच्या अंगाला व्हते. दुसरं कोणी असतं तर पोरगी पोरगी करीत कारच्या दाराला लोंबकळलं असतं. मामांनी एक हात लांब केला आन खाली-वर, खाली-वर, मागून येणाऱ्याला हळू घ्या, हळू घ्या अशी खूण करीत ट्रॉलीसंगं चालायला लागले. मागून कोणी येतच नव्हतं. एक कुत्रं झोपलं व्हतं, ते उठून बाजूला झालं. दुसऱ्या हातात पूजेचा पाट व्हता, तो त्यांनी वाकून चाकाखाली सारला. पाट कडकन मोडला, ट्रॉली अडखळली, जराशी वाकडी झाली आन शेजारी बांधकामाची वाळू पडली व्हती तिच्यात जाऊन रुतली.

मी पळत जाऊन आरूला काढलं. तवा कुठं ती रडली, ते बी उतरवलं म्हणून.

मामांनी चाकाकडं बघितलं, दगड कुठं गेला म्हणून विचारलं. आत्या म्हणल्या, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतेत, दगड असल्यावर लिंबू कुठं ठेवू, म्हणून काढला. हूक सोडला, कारण त्याला हळद-कुंकू लावायचं व्हतं. साखळ्या काढल्या, कारण साखळीवर हार नीट बसंना. म्हंजे मामांनी किती दिवस खपून जे जे बांधलं व्हतं, ते आत्यांनी देवाच्या नावानं एकेक करून सोडलं व्हतं. मामा त्यांना एक शब्द बोलले नाय. उताराकडं बघून एवढंच म्हणले, "मागून कोणी नव्हतं, बरं झालं."

आता मामा कोण ते सांगते, मी घाबरले की माझं सगळं उलटंसुलटं व्हतं.

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतेत आन सासूला आत्या. हे त्यांना आबा म्हणतेत. पण मुकुंदवाडीत टेसनाच्या बाजूला येऊन कुणालाबी विचारा, रेडियमवाल्या बाबाचं घर कोणतं, ल्हान पोरगं बी दाखवील. अंधार पडल्यावर तर विचारायची बी गरज नाय. कुणाच्या गाडीची लाईट गल्लीत वळली की आमचं घर लाल-पिवळं चमकतं. रेडियम म्हंजे ती ट्रकच्या मागं लावतेत ना, उजेड पडला की चमकणारी पट्टी, ती. मामांजवळ तिचं भेंडोळं कायम असतंय, पान खाणाऱ्याजवळ चंची असती तसं. पाण्याच्या ड्रमला पट्टी, उंबऱ्याला पट्टी, शेळीच्या शिंगाला पट्टी, आत्यांच्या चपलेच्या टाचेला पट्टी. आरूच्या सगळ्या झबल्यांना पाठीवर एक ल्हानशी पट्टी हाय. पुढून नाय, पाठीवरच. का म्हणून विचारलं की मामांचं ठरलेलं एकच उत्तर, "मागच्याला कळलं पाहिजे."

माझ्या लग्नात बी त्यांनी ते सोडलं नाय. वरातीत नवरदेवाच्या घोड्याच्या शेपटीला पट्टी बांधली, माझ्या खुर्चीला लावली, बँडवाल्याच्या ढोलाला लावली. फोटोवाल्यानं फ्लॅश मारला की तेवढंच चमकायचं. आमच्या लग्नाच्या अल्बममधी माझं तोंड कुठंच धड दिसत नाय पण घोड्याची शेपटी अशी चमकती की माहेरची माणसं विचारतेत, ही कोणती दिवाळी.

मामा जन्मभर ट्रकवर क्लीनर व्हते. डायवर नाय, क्लीनर. कितीतरी डायवर झाले, गेले, मामा क्लीनरच राहिले. लायसन काढलं नाय, स्टेरिंगला हात लावला नाय. आत्या आजबी त्यावरून टोमणे मारतात, म्हणतात की संगतीचे सगळे मालक झाले आन आमचा माणूस मागं हुबा राहून "येऊ दे, येऊ दे" करीत म्हातारा झाला. मामांना त्याचं काही वाटत नाय. ते म्हणतेत, पुढं बघायला देवानं सगळ्यांना डोळे दिले, मागं बघायला फक्त क्लीनर दिला.

त्यामुळं त्यांचं सगळंच मागून. रिक्षात बसले तर तोंड मागं करून बसतेत. घरातल्या घरात मोरीकडं वळायचं असलं तरी हात बाहेर काढून वळतेत, नव्या पाहुण्याला वाटतं काहीतरी मागायलेत. रेल्वे गेली की आख्खी गल्ली इंजिन बघती, मामा शेवटच्या डब्याची वाट बघतेत. शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसला की "हाय" म्हणतेत आन परत जेवायला बसतेत. एकदा तो दिवा त्यांना दिसला नाय तर भाकरी टाकून टेसन मास्तरकडं गेले व्हते. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू व्हता, ते नंतर कळलं.

मी जरा भित्री हाय. सातवीपर्यंत शिकलेली, रस्ता वलांडायला बी मला कोणीतरी लागतं. लग्न होऊन आले तवा मला वाटलं, आपण येड्याच्या घरात पडलो. मग कळलं की माझ्यासारख्या भित्र्या बाईला ह्याच्यापेक्षा चांगलं घर मिळालं नसतं. इथं आपल्या पाठीवर कोणीतरी लक्ष ठेवून हाय.

आता ट्रॉलीचं सांगते.

हे आधी शेंद्र्याला कंपनीत व्हते, काँट्रॅक्टवर. काँट्रॅक्ट संपलं. मग जुनी पिकअप घेतली, करमाडचा भाजीपाला मोंढ्यातल्या बाजारात टाकायचा. पण त्यात रोज काम नाय. जालना रोडला कुणाची ना कुणाची कार बंद पडलेली ह्यांना दिसायची, आन लोक तिला दोरीनं टोचन करून न्यायचे, दोरी तुटायची, मागची कार पुढच्यावर आदळायची. तवा ह्यांच्या मनात आलं की आपण पिकअपच्या मागं ट्रॉली लावू, कार चढवू, सरळ गॅरेजला नेऊन सोडू. करमाडचे एक गॅरेजवाले हायेत, शेखभाई, त्यांनी सांगितलं की तुझी ट्रॉली तयार व्हऊ दे, माझं सगळं आणायचं काम तुला.

ह्यांना वाटलं, काय त्यात, वेल्डिंगवाल्याकडून पिकअपच्या बंपरला हूक मारून घ्यायचा की झालं. वेल्डिंगवाल्यानं चष्मा बी चढवला व्हता. मामा मधी जाऊन बसले. बंपर म्हंजे गाडीचा दागिना हाय म्हणले, दागिन्याला वजन बांधतेत का कुठं. वजन चासीला. चासी म्हंजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. आन ते बी चोरून नाय, कागदावर घेऊन, नाहीतर मी इथून उठत नाय. ते खरंच उठले नाय. वेल्डिंगवाल्यानं शेवटी त्यांना तिथंच चहा पाजला आन आमची गाडी परत पाठवली.

मग मला कळलं की ट्रॉलीला बी गाडीसारखा आपला नंबर असतो. मला वाटायचं ट्रॉली म्हंजे गाडीची शेपूट, आन शेपटीला कुठं वेगळं नाव असतंय. पण कायद्यात शेपटीला बी जन्मदाखला लागतो, तिचा इमा बी वेगळा. मान्यता असलेल्या कारखान्यातून बनवावी लागती, आन आपली पिकअप किती वजन वढू शकती ते बी बघावं लागतं, ट्रॉलीचं वजन धरून. आत्यांच्या भावाला त्याची ती मोठी जीप ह्या ट्रॉलीवर न्यायची व्हती, मामांनी तोंडावर सांगितलं की तुमची जीप आमच्या कागदात बसत नाय. तवापासून तो भाऊ आमच्याकडं येत नाय, आन आत्या म्हणतात, कागदात जीप बसली नाय आन माझं माहेर उठलं.

हूक चासीला नट-बोल्टनं बसवला. त्याच्या खालून दोन साखळ्या, एकमेकीला वलांडून. मी विचारलं, हूक असताना साखळ्या कशाला. मामांनी मला समजंल असं सांगितलं, "हूक म्हंजे लग्न. साखळ्या म्हंजे दोन्हीकडचे नातेवाईक. लग्न तुटलं तर तेवढ्यापुरतं धरून ठेवतेत." मग ट्रॉलीचा ब्रेक, तो बी पिकअपला जोडल्यावरच लागतो. मग लाईटीची वायर, पिकअपमधी ब्रेक दाबला की ट्रॉलीचा दिवा लागला पाहिजे, डावीकडं वळायचं म्हणलं की डावाच दिवा लुकलुकला पाहिजे. पहिल्यांदा जोडलं तर उजवीकडं म्हणलं की डावा लुकलुकायचा. मामा दोन दिवस जेवले नाय धड.

आन रेडियम. पुढं पांढरं, बाजूला पिवळं, मागं लाल, हे नियमात हाय. म्हंजे जन्मात पहिल्यांदा सरकारनं मामांना सांगितलं की बाबा, लाव किती लावतो ते. मामांनी फडकं भिजवून पट्टी पुसून, नखानं कडा दाबून, जसं काही पोरीला साडी नेसवावी तशी ती ट्रॉली सजवली.

त्या दिवसांत आमचं घर लई भरल्यासारखं वाटायचं. सकाळी हे दोघं बाप-लेक पिकअपखाली शिरायचे ते दुपारपर्यंत. बाहेरून फक्त चार पाय दिसायचे, दोन काळे खरबडीत, दोन गोरे. मी चहा नेऊन पायांजवळ ठेवायचे, खालून हात यायचा आन कप आत जायचा. आन खालून बोलणं ऐकू यायचं. हे तसे बोलणारे नाहीत, माझ्याशी बी मोजकंच. पण गाडीखाली उताणं पडलं की सुरू व्हायचे. कंपनीतल्या सुपरवायझरच्या नकला करायचे, आन मामा असे हसायचे की पाना हातातून पडायचा. मी आरूला मांडीवर घेऊन दारात बसून ऐकायचे. समोरासमोर बसून ते दोघं असे कधी बोललेले मी बघितले नव्हते. वर गाडी असली की बोलता येत असंल माणसाला.

मग पासिंगचा दिवस आला. आरटीओत पास केल्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर काढता येत नाय. तिथल्या मॅडम व्हत्या, तरण्याच, शांत. त्यांनी ह्यांना ब्रेक दाबायला सांगितला. त्या मागं जाऊन बघायच्या आत मामा तिथं हुबे, "लागला. गेला. लागला. गेला." मॅडम म्हणल्या, बाबा, मला दिसतंय. तरी मामा "लागला" म्हणलेच, हळू. मॅडमनी साखळ्या बघितल्या, नंबर बघितला, पट्टीला हात लावून बघितला, आन सगळं नियमात हाय म्हणल्या, न्या. आम्हाला एवढा आनंद झाला. मामा म्हणले, मॅडम, अजून एकदा बघता का. त्या हसल्या, म्हणल्या की अहो लोक म्हणतात कमी बघा, तुम्ही म्हणता अजून बघा. घरी आल्यावर सगळ्यांनी पेढे खाल्ले, मामांचा पेढा हातातच राहिला. मला वाटलं, दमले असतील.

आन पूजेच्या दिवशी ते लिंबाचं झालं. जाधव सरांच्या कारला ओरखडा बी आला नाय, सरांनी हसण्यावारी नेलं. पण मामांनी जाहीर केलं की मॅडमनी पास केली असंल, मी नापास केली.

तवापासून रोज सकाळी एक नवी खोड. आज साखळीचा नट ढिला, उद्या वायर निसटलेली, परवा डावा दिवा लागत नाय. एवढी नवी कोरी ट्रॉली, आन रोज काहीतरी. मामा पहाटं उठून तपासायचे आन हे तोंड धुवून आले की सांगायचे, अमुक गेलंय. मग दोघं खाली शिरायचे. दुपार व्हायची. शेखभाईचा फोन यायचा, अमुक ठिकाणी कार हाय, येतो का. हे म्हणायचे, आज नाय जमत, लाईट बंद हाय. दोनदा असं झालं. आमचे हे कायद्याला घाबरतेत असं नाय, पण आबांनी नाय म्हणलेली गाडी काढायची त्यांची छाती नाय.

मग शेखभाईनी सरळ सांगितलं. पाचोडला एका डॉक्टरची कार बंद पडलीये, उद्या बाजाराचा दिवस, गर्दी व्हायच्या आत उचलून माझ्याकडं आणायची. ह्या वेळी नाय म्हणलास तर मी दुसरा माणूस बघतो, मग माझ्याकडं येऊ नको. हे रात्री जेवले नाय. मला एवढंच म्हणले की हे काम गेलं तर परत कंपनीत बघावं लागंल, पुण्याकडं एक जण बोलावतोय. मी आरूचं डोकं थोपटत राहिले.

आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाय. दुसऱ्या दिवशी पहाटं आलं. मी पाईप धरून ड्रम भरीत व्हते, उजाडायला लागलं व्हतं, आन बघते तर मामा ट्रॉलीच्या मागं उकिडवे बसलेले. मला वाटलं तपासायलेत. त्यांनी डाव्या दिव्याचं झाकण उघडलं, आतला बल्ब फिरवून काढला, धोतराला पुसला, आन बंडीच्या खिशात ठेवला. मग झाकण परत बसवलं, दोन्ही स्क्रू नीट आवळले, वरून फडकं मारलं.

ड्रम भरून वाहायला लागला तरी मला कळलं नाय.

मामांनी मान वळवली. दचकले बी नाहीत. म्हणले, "नळ बंद कर बाई, पाणी चाललं."

मी बंद केला. माझ्या तोंडून कसं निघालं काय माहीत, मी सासऱ्याला असं कधी विचारत नसते. म्हणलं, "मामा, त्या दिवशीचा नट बी तुम्हीच?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली.

"आन वायर?"

ते ट्रॉलीकडंच बघत राहिले. मग हळू म्हणले, "संतू कंपनीत व्हता तवा मी झोपल्यावर यायचा, मी उठायच्या आत जायचा. एका घरात राहून त्याचा आवाज इसरलो व्हतो मी. आता गाडीखाली दोन शब्द बोलतोय. ही एकदा निघाली की परत तेच हाय."

त्यांनी मला सांगू नको असं बी म्हणलं नाय. नुसते बसून राहिले, खिशावर हात ठेवून.

तेवढ्यात हे तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले, घाईत. पिकअपमधी चढले आन मलाच हाक मारली, मागं बघ गं, सगळं लागतंय का. ब्रेक दाबला. उजवा दिवा लागला. डावा नाय.

खोटं बोलावं तर नवरा बिनादिव्याचा बीड रोडला जातोय. खरं बोलावं तर म्हातारा माणूस लेकासमोर मान खाली घालतोय. मी म्हणलं, "डावा लागत नाय."

ह्यांनी कपाळाला हात लावला. खाली उतरले, फोन काढला, शेखभाईचा नंबर लावायला लागले. मला पुणं दिसायला लागलं. मी म्हणलं, "अवो थांबा. बल्ब मामांच्या खिशात हाय."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मामांनी तर असं बघितलं की मला वाटलं जमीन फाटावी. मी श्वास बी न घेता पुढं बोलत गेले, की असं कायतरी व्हईल म्हणून त्यांनी आधीच जास्तीचा बल्ब आणून ठेवलाय, आन एक काम करा, त्यांनाच संगं घेऊन जा, वाटंत परत गेला तर तुम्ही पुढं बघताल का मागं.

हे म्हणले, आबांना कशाला त्रास, गुडघे दुखतेत त्यांचे. ह्यांचं बी चुकत नव्हतं. आजवर कोणी मामांना चला म्हणलंच नव्हतं, आराम करा, आराम करा, एवढंच म्हणायचो आम्ही. आन मामा न बोलवता जाणारे नव्हेत. पण हे बोलेपर्यंत मामांनी झाकण उघडून बल्ब बसवून झाकण लावलं बी व्हतं. ज्या कामाला त्यांना दुपार व्हायची ते त्यांनी चुटकीत केलं. मग टोपी घातली आन क्लीनरच्या बाजूनं केबिनमधी चढून बसले, गुडघ्याला हात बी न लावता. खिडकीतून हात काढून डावा आरसा आपल्याकडं वळवला.

ते गेले आन माझा दिवस काही केल्या सरंना. भाजीत दोनदा मीठ घातलं. ट्रकचा हॉर्न वाजला की दारात. आत्या म्हणल्या, बाप बसलाय त्याच्याबरोबर, तुला कसली भीती. मी मनात म्हणलं, म्हणूनच.

दुपारी आले. दोघांच्या अंगावर धूळ, आन दोघं हसत. शेखभाईनी दुसरं काम बी दिलं व्हतं. जेवायला बसल्यावर हे बोलायला लागले आन थांबंचनात. पाचोडच्या बाजारात कार चढवायची तर चहूकडून माणसं, बैलं, टेम्पो. आबा रस्त्याच्या मधी जाऊन हात लांब करून हुबे राहिले. लोकांना वाटलं साध्या कपड्यातला पोलीस हाय, एक जण हेल्मेट घालून बसला. मग डॉक्टर म्हणले, मी माझ्या कारमधीच बसून येतो, वर हवा लागंल. आबांनी त्यांना खाली उतरवलं, ट्रॉलीवरच्या गाडीत माणूस बसायचा नाय, कायदा हाय. डॉक्टर करमाडपर्यंत केबिनमधी दोघांच्या मधी आखडून बसले आन आबा त्यांना वाटंनं मागच्या टायरची हवा समजावून सांगत व्हते. जाताना तर आबा आडूळपर्यंत बोलतच व्हते. मी झालो तवा ते कुठल्या घाटात व्हते, त्यांना कसं कळलं, ते कसे भाजीच्या ट्रकवर बसून आले, मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, असं हे म्हणले. आत्या म्हणल्या, मला बी नव्हतं.

मामा खाली मान घालून जेवत व्हते, पण कान लाल झाले व्हते त्यांचे.

मग ह्यांनी पाणी पिलं आन म्हणले, आबा, आज लई दमलात तुम्ही. मी शेखभाईशी बोललोय. ह्या बल्बच्या लाईटीच काढून टाकतो. आता बंद पेटीच्या लाईटी येतेत, कंपनीनंच चिटकवलेल्या, उघडतच नाहीत. बल्ब ढिला व्हायचा नाय, काही नाय. मग तुम्हाला पहाटं उठून बघायची बी गरज नाय आन माझ्यासंगं उन्हातान्हात यायची बी गरज नाय. घरी आराम करायचा, आरूला खेळवायचं.

असं प्रेमानं बोलले हो. लेकानं बापाला ह्याच्यापेक्षा चांगलं काय बोलावं.

मामांचा घास हातातच थांबला. मग ते म्हणले, "बसव. चांगल्या असतेत त्या." आन भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

खरं सांगते, त्या लाईटी चांगल्याच हायेत. माझा नवरा रोज त्या रस्त्याला जाणार, त्याच्या मागं न विझणारा दिवा असावा असं मला नाय वाटणार तर कुणाला वाटंल. आन पहाटचं जे मी बघितलं ते सांगावं, तर आता एवढ्या अभिमानानं बोलणारा हा माणूस बापाकडं परत असं बघंल का. आन नाय सांगावं, तर उद्यापासून मामा वट्ट्यावर आन हे रस्त्यावर.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. गाडीतलं ह्या घरात मला आजवर कोणी काही विचारलेलं नाय. म्हणले, "तू बोल. बसवू ना उद्याच?"

मामा माझ्याकडं बघत नव्हते. तव्यावर भाकरी करपत व्हती, आरू माझा पदर वढीत व्हती, आन सगळे मी काय म्हणती त्याच्यासाठी थांबलेले. तुम्ही असता तर काय म्हणला असता?